'तू'ला कुठं उभं करायचं?

सभागृहाच्या मागच्या खोलीत वायरींचा गुंता सोडवत बसलेल्या माणसाला ती माईकवाला समजली आणि तिथंच फसली. हातातला कागद नाचवत तिनं त्याला सांगून टाकलं, की उद्याच्या कार्यक्रमातली ही प्रेमकविता ज्यानं लिहिलीय, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. प्रेयसीला कुणी फ्रीजमधला दिवा म्हणतं का? आपल्याआधीच कुणीतरी लिफ्टमध्ये दाबून ठेवलेला मजला म्हणतं का? बाजारातले चंद्र आणि फुलं संपली होती की काय!

"संपली होती," मान वर न करता तो म्हणाला. "मी उशिरा पोचलो."

झालं! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं तिला. पण काम तर करायचंच होतं. ती दुभाषी होती. ऐकू न येणाऱ्यांसाठी व्यासपीठाच्या कडेला उभी राहून बोललेलं सगळं हातांनी सांगायची. ही भाषा तिला मावशीनं दिली. मावशीला जन्मापासून ऐकू येत नसे, आणि आईवडिलांच्या माघारी तिनंच हिला वाढवलं. आता मावशी लेकाकडे राहायला गेली होती. घरात हातांनीसुद्धा बोलायला कुणी उरलं नव्हतं. भाषणंबिषणं ती सहज सांगून टाकायची, कवितेला मात्र हात अडायचे. हातांना नुसता शब्द पुरत नाही, आतलं चित्र दिसावं लागतं.

मग बसले दोघं समोरासमोर. त्यानं समजावलं, की फ्रीज उघडला की दिवा लागतो. बंद केल्यावर आत तो जळतो की विझतो, कुणी पाहिलंय? आणि दमूनभागून लिफ्टमध्ये शिरावं, तर आपल्याच मजल्याचं बटण आधीच लागलेलं असावं, हे काय कमी सुख आहे? तिनं दोन्ही करून दाखवलं. दारामागचा तो दिवा तिच्या बोटांतून असा काही उघडला, की कवीमहाराज कविता विसरून बोटांकडेच बघत बसले. तिनं ते पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि मनातल्या मनात... जाऊ द्या. बऱ्याच दिवसांत तिच्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

पुढची ओळ होती, 'तू म्हणजे पाठीवरची ती जागा, जिथं माझा हात पोचत नाही.' तिनं हात मागं नेला... पोचेना. तो हसायला लागला. ती हसली नाही.

"तिथं मी बाम कसा लावते, सांगू? उलथन्याला फडकं गुंडाळून."

त्याचं हसू थांबलं. "मी चौकटीला पाठ घासतो," तो हळूच म्हणाला.

तिनं कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग कामाचा प्रश्न काढला. 'तू' म्हणायचं तर बोट दाखवावं लागतं, आणि समोर नसलेल्या माणसाला आधी कुठंतरी उभं करावं लागतं. तेव्हा ही बाई उभी कुठं असते – जवळ, लांब? उंच आहे का? एव्हाना तिला हवं असलेलं उत्तर नुसतं कामापुरतं राहिलं नव्हतं.

त्यानं खिडकीकडे हात केला. मग म्हणाला, नाही, जवळ. मग तोही हात खाली आला.

"तुम्ही तिला पाहिलेलंच नाही," ती म्हणाली. "या सगळ्या एकट्या राहणाऱ्याच्या घरातल्या गोष्टी आहेत. यात ती कुठंच नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. ती कोण, असं लोक विचारायचे आणि तो नुसता हसायचा. पुढं त्या हसण्याचीच सवय लागली, हे त्यानं कबूल केलं. उद्या ही कविता वाचत नाही म्हणाला आणि उठला.

"वाचा ना," ती घाईघाईनं म्हणाली. "तिची जागा मी रिकामीच ठेवते. खोटं नाही बोलावं लागणार."

वायरी तशाच टाकून तो निघून गेला. घरी गेल्यावर ती स्वतःवरच चरफडत राहिली. कुणीतरी बघायला लागलं होतं, तर हिला तोंड आवरता आलं नाही. आता तो आलाच नाही तर?

पण तो आला. सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मावशी आपल्यासारख्याच ऐकू न येणाऱ्या मैत्रिणींना घेऊन बसली होती. दिवा झाला, मजला झाला. दरवेळी तिचं बोट माईकशेजारच्या रिकाम्या जागेकडे गेलं. मग त्यानं कागदावरून डोळे उचलले, आणि लोकांकडे नाही, तिच्याकडे बघितलं.

"तू म्हणजे..." तो म्हणाला, आणि थांबला.

तिचा हात रिकाम्या जागेकडे निघाला, मधेच घुटमळला... आणि बोट तिच्या स्वतःच्या छातीवर येऊन टेकलं.

सभागृहाला वाटलं, कवी ओळ विसरला. पहिल्या रांगेला मात्र सगळं कळलं. मावशीनं भुवया उंचावून हातांनी विचारलं, चुकलीस का गं? काम चालू असताना प्रेक्षकांशी बोलायचं नसतं, तरी तिनं मान हलवून नाही म्हटलं.

तेवढ्यात त्यानं कागद खाली ठेवला. हातांच्या भाषेतला एकच शब्द त्याला येत होता, तोही कालच शिकलेला. त्यानं बोट उचललं आणि तिच्याकडे दाखवलं.