गोखरूचा पेला

"वहिनीने बाबांना विष घातलं," असं म्हणत नणंद अण्णांच्या कचेरीत आली, तेव्हा त्यांच्या मेहुण्याच्या हातातला चहा बशीत सांडला. वडील चक्कर येऊन पडले होते, लघवी जवळजवळ बंद झाली होती. इस्पितळात दोन बाटल्या सलाइनवर शुद्धीवर आले, आज घरी आणले. वहिनी पंधरा दिवस त्यांना कसलासा पाला देत होती. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर नणंद पोलिसांत जाणार होती.

अण्णांचा खाजगी तपासाचा धंदा. मेहुणा त्यांचं शेपूट. त्याला एका जागी बसवेना.

दोघे घरी पोचले, तेव्हा सून, म्हणजे ती वहिनी, शिलाई मशीनवर होती. तिने काहीच लपवलं नाही. लघवीच्या जळजळीवर वैद्यांनी मोठं गोखरू सांगितलं होतं. ताजी डहाळी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत, घट्ट होतं. तो पेला मामंजींपाशी ठेवायचा. पेला रिकामा परत येई.

"गुण आला वाटलं," ती म्हणाली. "आधी दिवसातून दहादा धरून न्यावं लागायचं. हल्ली दोनदाच हाक मारतात."

बाई आपल्याच तोंडाने अडकली, असं मेहुण्याला वाटलं.

वैद्यांनी तर त्याच झाडाची डहाळी ढवळून दोघांसमोर पेला रिचवला. ढेकर दिला.

घरात म्हाताऱ्यांची खोली मशीनच्या भिंतीपलीकडेच होती. उशाशी तांब्या काठोकाठ भरलेला, पाण्यावर धूळ. मेहुण्याने चाळा म्हणून खिडकीतल्या कुंडीची माती उकरली. वर चकचकीत पापुद्रा होता.

"गोगलगाय फिरलीय," तो म्हणाला.

अण्णांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"सलाइन म्हणजे मीठपाणी. त्याने माणूस उठला, म्हणजे पाणीच कमी पडलं होतं. तांब्याला हात लागलेला नाही. गोखरूने लघवी सुटते, यांची आटली. म्हणजे ते पोटात गेलंच नाही. ही गोगलगाय नव्हे रे शहाण्या, पंधरा दिवसांचे पेले आहेत. कुंडी खिडकीत, खिडकी पलंगाला लागून. आजोबा, का ओतलंत?"

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. "मी हाक मारली की मशीन थांबतं. दहादा तिचं काम तुटतं. म्हटलं, प्यायलोच नाही, तर जायलाच नको."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मशीन थांबलं की मला पाठ सरळ करायला मिळते, मामंजी. पंधरा दिवसांत ती मोडून गेलीय."

 नणंदेनेच नवी डहाळी ढवळली आणि पेला संपेपर्यंत वडिलांपाशी उभी राहिली.

बाहेर अण्णांचा दुसरा चहा होईतो आतून हाक आली. मशीन थांबलं. सून उठली, पण नणंद आधीच पोचली होती.