उतावळा हात

भिंतीवर नुकताच चिकटवलेला कागद तिनं टर्रकन फाडून घेतला, तेव्हा डिंकाची बाटली हातात धरून तो लावणारा संशोधक मागेच उभा होता!

"अहो, त्यावरचा नंबर फक्त लिहून घ्यायचा असतो..."

"लिहीत कोण बसणार?"

आत्या तिला वादळ म्हणायची, ते काही उगीच नाही. तोंडाला येईल ते बोलून या शिवणकामवालीनं वर्षात दोन दुकानं सोडली होती. कागद होता उतावळा स्वभाव आणि शरीर यांच्या अभ्यासासाठी माणसं हवीत म्हणून लावलेला. तीन बैठका. आपण अशा का, एवढं तरी कळेल म्हणून ती आली.

बोटांना तारा लावायच्या, पडद्यावर हिरवा दिवा दिसला की बटण दाबायचं, लाल दिसला की थांबायचं. ती लाल दिसला तरी दाबायची आणि "शी बाई!" म्हणून स्वतःवरच चिडायची. तो संशोधक मात्र हसायचासुद्धा विचार करून! पण चिडला कधीच नाही.

आज शेवटची बैठक. उद्यापासून इथं यायला निमित्तच उरणार नव्हतं. आल्या आल्या तिनं बडबड सुरू केली.

"बघा, माझं काळीज कसं उड्या मारतंय," पडद्यावरची ठोक्यांची रेघ पाहून ती ओशाळली. "मी बिघडलेलीच आहे."

"मुळीच नाही. मागच्या दोन्ही वेळा चूक झाली की तुमचं शरीर लगेच दचकलं. तुम्हाला घाई असते... बेफिकिरी नाही."

इतक्या मायेनं तिच्या घाईबद्दल कुणीच बोललं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"थँक्यू हं," तिनं त्याच्याकडे पाहिलं — आणि रेघ अशी उसळली की विचारू नका!

तिनं आपली बोटं पाहिली. मोकळी! तारा त्याच्याच बोटांना होत्या. यंत्र तपासायला त्यानं लावल्या आणि हा एवढा काटेकोर माणूस त्या काढायलाच विसरला होता.

त्याचे कान लालबुंद झाले. "ते... अभ्यास संपेपर्यंत असलं काही बोलायचं नसतं. नियम आहे."

"मग आटपा की लवकर!"

मग तारा तिच्या बोटांना लागल्या, आणि या वेळी तिनं एकाही लाल दिव्याला बटण दाबलं नाही. संपल्यावरही ओठ घट्ट मिटून बसली. जन्मात पहिल्यांदा.

"मला तुम्ही फार आवडता," तो एका दमात म्हणाला. तिच्या बोटांच्या तारा काढायच्याही आधी!

"अगं बाई, केवढी ही घाई!" ती हसता हसता रडलीच. कागद फाडणाऱ्या आपल्या हाताचे तिनं मनोमन आभार मानले, आणि तारांसकट तो त्याच्या हातात दिला.