खुंटीवरचा कोट

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

लॉर्ना खोटं बोलणारी बाई नव्हती. इंग्लंडातल्या हल शहरात, हॉस्पिटलात आम्ही दोघींनी नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं. मरण रोजचंच. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की आम्ही पोट धरधरून हसायचो.

आता मी हसत नाही.

नोव्हेंबरातला रविवार होता. जागा रेव्हनविक, समुद्रकाठचं गाव. गाव कसलं, उरलंसुरलं. तिथला मातीचा कडा दरवर्षी ढासळतो आणि जाताना कुणाचं शेत, कुणाचं घर घेऊन जातो. कड्याकडचं शेवटचं घर लॉर्नाच्या विनीमावशीचं.

मावशी आदल्या आठवड्यात गेली होती. मृत्युपत्रात तिनं एक्झिक्युटर म्हणून एकट्या लॉर्नाचं नाव घातलं होतं. म्हणजे मेलेल्या माणसाचा पसारा आवरून ज्याचं त्याला पोचवायचं काम हिच्या गळ्यात.

आणि घर कुणाला?

धाकट्या भावाला. सिरिलला.

हा सिरिलमामा लॉर्ना रांगत होती तेव्हाच नाहीसा झालेला. त्याला बोटीवर जायचं होतं, मावशीला तो घरात हवा होता. अशाच एका नोव्हेंबरात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो अंगात कोटही न घालता दाराबाहेर पडला. कुणी म्हणे बोट पकडली. कुणी म्हणे कड्यावरून गेला. प्रेत काही मिळालं नाही.

मावशीनं त्याचा कोट दारामागच्या खुंटीवरून कधीच काढला नाही.

आई वारल्यावर लॉर्नाही त्याच घरात वाढली. ती लग्न करून निघाली तेव्हा मावशी दारात उभी राहून म्हणाली होती, "जा, जा. शेवटी हे घर तुझ्याच गळ्यात पडणार आहे."

असल्या बाईचं काम कोण करणार? त्यातून न्यूझीलंडला लॉर्नाच्या मुलीचे दिवस भरत आले होते. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी एवढी एकच. हिनं तिकीट काढलं होतं. भाड्याचं घर सोडलं होतं. उभा संसार दोन बॅगांत भरून ही नुसती उडायची बाकी होती.

म्हणून ती हॉर्नसीला पाशबी वकिलांकडे गेली. पाशबी म्हातारे, तिला लहानपणापासून ओळखणारे.

"पाशबीकाका, मला नाही म्हणता येईल ना?"

"येईल की. सोमवारी सकाळी ये, नकाराच्या कागदावर सही कर, सुटलीस. पण एक ध्यानात ठेव बाळ. नाही म्हणायचं असेल तर तोवर मावशीच्या कुठल्याही वस्तूला मालकासारखा हात लावायचा नाही. विकायची नाही, वाटायची नाही, घरी न्यायची नाही. एकदा हात घातलास की कायद्यानं काम तुझं झालं. मग माघार नाही."

"आणि तिच्या कोंबड्या? त्यांनी काय उपाशी मरायचं?"

"मयताला मूठमाती, मुक्या जिवाला दाणा आणि दाराला कुलूप. एवढं माफ आहे. पूर्वी नुसतं बायबल उचललं म्हणून अडकलेली माणसं आहेत."

"मावशीचं बायबल? ते मी चिमट्यानंसुद्धा धरणार नाही!"

दोघंही हसले.

रविवारी दुपारी ती कोंबड्यांना दाणे टाकायला आणि घराला कुलूप घालायला रेव्हनविकला पोचली. चार वाजायच्या आतच उजेड विझायला लागला होता.

कोंबड्या खुराड्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या.

एकीनंही दाण्याला चोच लावली नाही.

साधं कॉक-कॉक नाही की फडफड नाही...

लॉर्ना स्वयंपाकघरातून खिडक्या बघत पुढच्या दारापाशी आली. आणि तिच्या लक्षात आलं, समुद्राचा आवाज येत नाहीये. त्या घरात तो आवाज कधी थांबत नसे. कड्याखाली लाटा रात्रंदिवस आपटत असायच्या.

आता काहीच नाही.

मग माडीवरून...

ठक. ठक. ठक.

मावशी अंथरुणावरून लॉर्नाला अशीच बोलवायची. काठीचे तीन ठोके. लहानपणी ते ऐकले की हातातलं टाकून धावावं लागायचं.

पण मावशीची काठी तर इथं खाली होती. दाराशी, भिंतीला टेकून. लॉर्ना तिच्याकडेच बघत होती.

"मी नाही येणार," ती मोठ्यानं म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला जरा धीर आला. ती किल्ली काढून दार उघडायला गेली, तेवढ्यात दारावर बाहेरून थाप पडली.

दारात एक म्हातारा उभा होता. अंगात नुसता सदरा, तोही निथळणारा. ओठ काळेनिळे. हात लटलट कापत होते.

आणि पाऊस तर दिवसभरात पडलाच नव्हता.

"अहो, काय झालं? पाण्यात पडलात का? आत या आधी."

"नको गं पोरी. ह्या घरात आत आलं की बाहेर पडता येत नाही."

तिनं फोन काढला. रेंज नव्हती. तिनं अंगातलं लोकरीचं जाकीट काढून पुढे केलं.

"हे मला व्हायचं नाही," म्हातारा म्हणाला. तो तिच्या खांद्यावरून आत बघत होता. दारामागच्या खुंटीकडे. "गार वाजतंय गं. फार गार वाजतंय."

लॉर्नाला पाशबींचं बोलणं आठवलं. तिनंच मला सांगितलं, शब्दन् शब्द आठवला. पण जन्म गेला तो कुडकुडणाऱ्या माणसांना पांघरूण घालण्यात. समोर माणूस गारठून मरतोय आणि आपण कायदा बघायचा? एका जुनाट कोटानं असं काय आभाळ कोसळतंय?

तिनं कोट काढून दिला.

"घ्या. परत नका करू. तुमचाच समजा."

त्यानं कोट चढवला. बाह्या मनगटावर नेमक्या बसल्या.

"माप अजून बरोबर आहे," तो म्हणाला आणि निघाला.

रस्त्याकडे नाही... कड्याकडे.

लॉर्ना हाका मारत मागे धावली. अंधुक उजेडात कडा मोकळा होता. माणूसबिणूस कोणी नव्हतं. पाठीमागे घरात पुन्हा तीन ठोके पडले. ह्या वेळी सावकाश. मनासारखं झालेल्या माणसाचे.

सोमवारी सकाळी ती पाशबींसमोर बसली तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नव्हता.

पाशबींनी कागद पुढे सरकवला. "मावशीच्या घरातलं काही घेतलंस? कुणाला काही दिलंस?"

लेकीचं बाळ. तिकीट. दोन बॅगा. सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"नाही काका. कशालाच हात लावला नाही."

तिनं पेन उचललं. आणि दार उघडून त्यांची मदतनीस जॅनिस आत आली. हातात एक जड कोट, आणि त्यातून गालिच्यावर पाणी ठिबकत होतं.

"माफ करा हं. एक आजोबा बाहेर हा देऊन गेले. म्हणाले, काल लॉर्नानं थंडीत दिला, फार उपकार झाले, तिला सांगा. नाव विचारलं तर सिरिल म्हणाले."

लॉर्नाच्या हातातलं पेन गळून पडलं.

पाशबी उठून बाहेर धावले. ह्या वयात! रस्ता रिकामा होता. परत येऊन ते मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी कोटाला बोट लावून जिभेवर टेकवलं.

"खारट आहे," ते म्हणाले.



"काका, आता?"

"आता काय बाळ. तो माणूस सिरिल नसेल, तर मावशीची वस्तू तू परक्याला देऊन टाकलीस. असेल, तर वारसाला त्याचं त्याला पोचवायला सुरुवात केलीस. कसंही धर, काम तूच हातात घेतलंस. हा नकाराचा कागद आता मला घेता येणार नाही."

"मग सिरिलमामा मेला असं कोर्टातून ठरवून घेऊ. म्हणजे तरी हे घराचं प्रकरण मिटेल."

पाशबींनी मान हलवली. "त्यासाठी शपथ घ्यावी लागते, की तो जिवंत असल्याचं काहीही कानावर आलेलं नाही. घेशील? मी तर नाही घेऊ शकत. जॅनिसही नाही."

लॉर्ना एकदा खोटं बोलून फसली होती. पुन्हा तिची छाती झाली नाही.

त्या सिरिलला शोधायला पेपरात जाहिराती दिल्या, माणसं लावली. कोणी सापडलं नाही. घर कुणाच्या नावावर होईना, आणि कड्यावरचं घर विकत तरी कोण घेणार? विमावाले म्हणाले, घर रिकामं आहे, दर आठवड्याला एक्झिक्युटरनं डोकावलंच पाहिजे. लॉर्नाचं तिकीट वाया गेलं. नातू झाला, चालायला लागला, शाळेत गेला. तिनं त्याला फोनच्या काचेवरच मोठा होताना पाहिलं. आधी ती रडायची. पुढे पुढे तेही बंद झालं.

कोट तिनं परत त्याच खुंटीला अडकवला होता. दर आठवड्याला जाऊन बघावं, तर तो ओलाच.

शेवटचे महिने ती माझ्याकडे राहायला होती. गेल्या पंधरवड्यात झोपेतच गेली.

तिचं सगळं उरकल्यावर आज सकाळी पाशबींचा फोन आला. आवाज पार थकलेला.

"लॉर्नानं एक्झिक्युटर म्हणून तुमचं नाव घातलंय. लेक तिकडे लांब, इथं तिला तुमच्याशिवाय होतं कोण? पण ऐका. तिचं काम घेतलंत, की विनीचं अर्धवट कामही आपोआप तुमच्याकडे येतं. एक्झिक्युटरचा एक्झिक्युटर. कायदाच तसा आहे."

"मला नको," मी म्हणाले.

"मग उद्या सकाळी या आणि सही करा. तोवर तिच्या किंवा विनीच्या कशालाही हात लावू नका. कळलं ना? कशालाही."

मी लावलेला नाही. तिच्या त्या दोन बॅगा माडीवरच्या खोलीत जशाच्या तशा आहेत. दारसुद्धा मी उघडलेलं नाही.

पण आज दुपारी चहा करायला खाली आले, तर पुढच्या दारामागच्या खुंटीवर...

तो मी आणलेला नाही. लॉर्नानंही आणलेला नव्हता, देवाशपथ. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं साचलंय.

आणि थोड्या वेळापूर्वी दारावर थाप पडली.

मी काचेतून पाहिलं. नुसता सदरा. लटलट कापणारे हात.

मी दार उघडलं नाही. हे लिहितेय तेव्हाही तो तिथंच आहे.

"गार वाजतंय गं पोरी," तो म्हणतोय. पुन्हा पुन्हा. आवाज इतका दीनवाणा आहे, की दगडालाही पाझर फुटावा.

मीही जन्मभर हेच केलं. कुडकुडणाऱ्या माणसाला पांघरूण घातलं. लिहायचं थांबवलं की माझे हात आपोआप खुंटीकडे जायला बघतात. म्हणून मी लिहीत राहिलेय. सकाळ व्हायला अजून फार वेळ आहे.