गरुडटोकावरची सकाळ

पौषातले धुके काळवेणेच्या पात्रावरून हळूहळू उठत होते आणि उंबरगडाच्या गरुडटोकावरून, जिथून सारा मुलूख तळहातासारखा दिसे, नदीच्या दोन्ही काठांवरची शाळूची पिवळी शेते एकेक करून उजेडात येत होती. कणसे भरली होती. कापणी तोंडावर आली होती.

किल्लेदार रुमाजीराव धायबर टोकावर उभे होते. शेजारी गडाला वेढा घालून बसलेल्या रशीदखानाचा वकील नारोपंत. तहाचे बोलणे करण्यासाठी पंत पहाटेच गडावर आला होता आणि, "आपल्या टोकाची कीर्ती फार ऐकली. एकवार मुलूख पाहू द्यावा, मग बोलू," अशी त्याने विनंती केली होती. पाहुण्याचा मान म्हणून रावांनी ती मानली.

आता पंताने खाली बोट केले. "ते गाव ओळखलंत?"

ते वडवली होते, रावांचे गाव. शिवारात मशाली घेतलेले स्वार उभे होते आणि त्यांच्या मध्ये पांढऱ्या पागोट्याचा एक उंच म्हातारा. एवढ्या उंचीवरूनही रावांनी त्याला ओळखले. ते त्यांचे वडील, गावचे पाटील तुकोजी.

"मी हा हिरवा शेला हलवला, तर मशाली विझतील," पंत सौम्यपणे म्हणाला. "शेला हलला नाही, तर ऊन नदीला टेकताच पीक पेटेल. आबासाहेबांचं काय होईल, ते खानसाहेबांच्या मर्जीवर. गडाच्या किल्ल्या तेवढ्या द्याव्यात."

मागे उभा असलेला हवालदार बाळोजी कळवळून पुढे आला. "राव, दरवाजा उघडा! पन्नास घोडी द्या मला!"

"दरवाजाखालच्या कारवीच्या झुडपांत खानाची फौज दबा धरून बसलीय, बाळोजी. आपण उघडावा म्हणूनच हा सारा डाव आहे."

"मग नुसतं बघत राहायचं?"

गडावर आसऱ्याला आलेली सात गावांची बायकापोरे होती. खाली जन्मदाता बाप होता. आणि ऊन नदीकडे सरकत होते. रावांनी कठड्याचा दगड घट्ट धरला. अखेर पंताकडे वळून त्यांनी तोंड उघडले. ते काय बोलणार होते, हे पुढे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आले नाही.

कारण त्याच क्षणी बाळोजी ओरडला, "धूर!"

पंत दचकला. "अजून तर वेळ झाली नव्हती!"

तुकोजी पाटलांनी शेजारच्या स्वाराच्या हातची मशाल हिसकावली होती आणि आपल्याच उभ्या शाळूत घुसून ते ती कणसांना लावीत धावत होते. वारा गावाकडून नदीकडे वाहत होता आणि नदीकाठी खानाच्या छावणीतल्या कडब्याच्या गंजी होत्या. आग पिकातून धावत तिकडे निघाली. घोडी खुंटे उपटून उधळली. पांढरे पागोटे धुरात एकदा दिसले, पुन्हा दिसले. मग चार स्वार त्याच्यामागे धुरात शिरले आणि चौघेच बाहेर आले.

गरुडटोकावर कोणी हलले नाही. पंताच्या हातातला शेला तसाच लोंबत होता.

"पंत, आपण वकील आहात, म्हणून जिवंत उतराल," राव एवढेच म्हणाले.

दाणावैरण जळाल्यावर खानाची फौज फार दिवस टिकली नाही. वेढा उठला. हुजुरातून रुमाजीरावांना मानाची वस्त्रे आली. ती त्यांनी अंगावर घातली नाहीत. ते गावी उतरले तेव्हा शिवार काळे पडले होते आणि त्यांची आई बांधावर एकटी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

"आम्हां बायकांना देवळात कोंडलं होतं रे," ती म्हणाली. "तू वर होतास ना? तुला दिसलं?"

"दिसलं, आई."

"सगळं?"

"सगळं. हात मात्र पोचला नाही."

म्हातारीने शेजारची राख पदराने झाडून जागा केली. "मग बस इथं. तुझे आबा कसे गेले, ते मला सांग. दुसरं कुणी सांगत नाही."

राव त्या काळ्या मातीत बसले आणि आईकडे न पाहता सांगू लागले.