पेवातलं टोपलं

वलगावच्या पुढे आत वळलं की लागणाऱ्या एका गावात शेषरावांनी घरासाठी गावच्या जुन्या जमीनमालकाची मोकळी जागा विकत घेतली, तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. ज्या अंगणात त्यांच्या बापाला वहाणा हातात घेऊन उभं राहावं लागायचं, तिथं आता त्यांचं स्लॅबचं घर होणार होतं. बुद्धवंदना झाली, पेढे वाटून झाले, आणि पायव्याचे खड्डे खणताना जेसीबीचा दात एका शिळेवर घासला. शिळा सरकली. खालून ऊन ऊन, आंबूस वास भपकन वर आला.

"पेव हाये! पेव!" शेषराव आपलं वय विसरून ओरडले.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट, आणि त्यात ज्वारी. बातमी फुटताच गावातल्या रिकामटेकड्यांना तिथं सोन्याच्या मोहरा दिसू लागल्या. शेषरावांचा मुलगा ललित मात्र ज्वारीसाठीच वेडा झाला. शेतकीची पदवी घेतलेला तो. हुरड्याच्या जुन्या ज्वारीचं बी, जे आता औषधालाही सापडत नाही, ते खाली असेल या विचारानंच त्याची झोप उडाली. आणि त्याची बायको प्राजक्ता त्याच्याहून उतावीळ.

पेवात कोंडलेली हवा जीव घेते हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून काही दिवस तोंड उघडं ठेवलं. मग एका सकाळी कंदील सोडून पाहिला. तो खाली मजेत जळत राहिला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

टाळी पिटली नाही ती एकट्या जाईबाईंनी. शेषरावांच्या या म्हाताऱ्या आत्या उजाडल्यापासून काठीवर हनुवटी टेकून पेवाशी बसल्या होत्या. त्या लहान असताना त्यांचा मोठा भाऊ जयवंता याच मालकाच्या पेवावर मजुरीला आला आणि घरी परतलाच नाही. तो आणि सोबतचा एक परगावचा मजूर, दोघंही मुंबईला पळाले, असं मालकानं सांगितलं. त्यांची माय मरेपर्यंत जयवंताचं ताट झाकून ठेवत असे.

"उतर बापा, मी नाही म्हणत नाही," त्या ललितला म्हणाल्या. "पण रीत पाळा. टोपलं भरलं का खालचा माणूस दोर हालवते, वरचा ओढते. काम झालं का नाव घेऊन हाक मारायची. नाव घेऊन. नुसतं 'ये वर' म्हणलं तं..."

"तं का होते, आजी?"

जाईबाईंनी दोर त्याच्यापुढे सरकवला. ललित हसला, दोर कमरेला बांधून घेतला आणि पेवाच्या तोंडातून दिसेनासा झाला. तीन बांबूंवर टांगलेलं चाक कुरकुरलं. खाली पोचल्यावर त्यानं दोर सोडला. शेषरावांनी तो वर ओढून टोपलं बांधलं आणि खाली सोडलं.

दोर हलला.

"ओढा!" प्राजक्ता किंचाळली. टोपलं वर आलं ते ज्वारीनं शिगोशीग भरून. पिवळसर, टपोरी, काल मळल्यासारखी! प्राजक्तानं ओंजळ भरून नाकाशी धरली आणि तिला काय करू आणि काय नको असं झालं. टोपलं गेलं, दोर हलला, टोपलं आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. ढीग वाढत चालला. शेषराव घामाघूम होऊन हसत होते, पोराच्या कामाचं कौतुक करत होते. प्रत्येक टोपल्याचा माथा हातानं सारखा केलेला होता.

"इतक्या झटपट एकटा माणूस भरते?" जाईबाई हळूच म्हणाल्या.

प्राजक्ताला गंमत वाटली. ती पेवाच्या तोंडावर वाकली. "अहो, दमले का?"

खोलातून ललितचा आवाज आला. "दमतो काहून? टोपलं तं सोडा आधी! कवाची वाट पाहून राहिलो..."

हसणं जागच्या जागी थांबलं. शेषरावांच्या हातातलं टोपलं भरलेलं होतं. ढीग समोर होता. सासऱ्यासमोर प्राजक्तानं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आताही तोंडातून निघालं ते सवयीचंच. टोपल्याची गाठ सोडून तिनं दोर खाली फेकला. "अहो, झालं! या वर! लवकर या!"

"नाव घे वं!" जाईबाई ओरडल्या, पण दोर ताठ झाला होता.

सासऱ्या-सुनेनं मिळून ओढला. वर आला तो नखशिखान्त धुळीनं माखलेला. डोळे तेवढे दिसत होते. प्राजक्ताला रडू फुटलं. तो काही न बोलता कडुनिंबाखालच्या माठाकडे गेला. माठावर ग्लास पालथा होता, पण त्याला त्यानं हात लावला नाही. तो उकिडवा बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरून थांबला.

"हे का सोंग आता?" प्राजक्ता डोळे पुसत हसली आणि वरून पाणी ओतू लागली. तो प्यायला. पीतच राहिला. माठ तळाला गेला.

"प्राजक्ता..." पेवातून आवाज आला. "दोर सोड ना. कोणाले ओढलं वर?"

तिच्या हातून ग्लास पडला. शेषराव पेवाकडे धावले. जाईबाई मात्र काठी टेकत निंबाकडे गेल्या.

"जयवंता दादा?"

"ओ," तो म्हणाला. "जाई, झालं का काम?"

"झालं दादा. सगळं झालं."

"मंग जातो घरी. माय वाट पाहत असन." तो उठला, निंबामागे गेला. पलीकडून बाहेर आला नाही.

मग प्राजक्ता ओरडली. सासरा पाहतोय, गाव ऐकतंय, कशाचीच तमा न ठेवता ओरडली. "ललित! ललित! ललित, वर ये!" शेषरावांनी दोर सोडला, आणि ललित वर आला, घाबरलेला, धडधाकट, कपड्यांना फारशी धूळही न लागलेला. तिनं त्याला सगळ्यांदेखत घट्ट धरलं. शेषराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जाईबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. दादा घरी गेला, दादा घरी गेला, एवढंच त्या म्हणत होत्या.

ललितनं कमरेची गाठ सोडली. दोराचं टोक निसटून पुन्हा पेवात पडलं.

थोड्या वेळानं दोर हलला.

"आजी," प्राजक्ता म्हणाली, "ते तं गेले ना... मंग खाली..."

जाईबाईंचा चेहरा उतरला. "दोघं उतरले होते, पोरी. तो परगावचा..."

"नाव का होतं त्याचं?"

"कोणी इचारलंच नाही."

दोर पुन्हा हलला, या वेळी जरा जोरात.