दर तिसरं काडतूस

दुपारच्या जेवणाला पुन्हा सलगमाचंच सूप होतं. बाल्टाझारने त्यात चमचा उभा राहतो का ते करून पाहिलं. नाही राहिला.

"आमच्या घरी डुकरांना याहून दाट मिळायचं," तो म्हणाला. "आता डुकरंच उरली नसतील म्हणा. बर्लिनवाल्यांनी खाल्ली असतील."

ऑस्विन टायशर्टने मान वर केली नाही. तंबूच्या सावलीत, फळीवर काडतुसं पसरून तो एकेक तेलाच्या फडक्याने पुसत होता. पुसायचं, बोटांत फिरवून बघायचं, पोचा असेल तर बाजूला टाकायचं. युद्धाआधी तो सॅक्सनीत घड्याळं दुरुस्त करायचा. आता या जर्मन स्क्वाड्रनच्या सगळ्या विमानांच्या बंदुका त्याच्याकडे होत्या, आणि इंजिनं या बव्हेरियन बाल्टाझारकडे. दोघांचं दिवसभर एकमेकांच्या प्रांतावरून चालायचं. पण गेले काही दिवस टोमणे एकाच बाजूने येत होते.

१९१८चा ऑगस्ट महिना. फ्रान्समधल्या रेथेलच्या पश्चिमेचा तो सगळा माळ खडूच्या पांढऱ्या मातीचा. विमान उतरलं की पिठासारखी धूळ उठायची आणि सुपात, बुटांत, बंदुकीच्या सांध्यांत जाऊन बसायची. मैदानाच्या कडेला पॉप्लरच्या उंच झाडांची रांग, आणि रांगेपलीकडे ओटचं शेत. पीक कापणीला आलं होतं. त्याच्या मधोमध एक काळा चट्टा होता. जेवताना दोघंही त्या बाजूला पाठ करून बसत.

तिथे लेफ्टनंट हेसेलबाख पडला होता.

शत्रूचे निरीक्षणाचे फुगे, वायूने भरलेले आणि खाली टोपलीत माणूस बसवलेले, पेटवायला म्हणून फॉस्फरसची काडतुसं आली होती. पट्ट्यात दर तिसरं काडतूस फॉस्फरसचं भरायचं, असा हुकूम. पण या नव्या विमानात काडतुसांची पेटी इंजिनाच्या अगदी पाठीला पाठ लावून. उन्हाळ्याच्या दुपारी ती पेटी चुलीवरच्या तव्यासारखी तापायची, आणि फॉस्फरसला पेट घ्यायला तेवढं पुरे होतं. शेजारच्या स्क्वाड्रनमध्ये असं घडलं होतं. वैमानिकांना ठाऊक होतं, मेकॅनिकांना ठाऊक होतं, स्वयंपाक्यालाही ठाऊक होतं. स्क्वाड्रनचा प्रमुख कॅप्टन ग्राबाऊ याला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. कारण त्याच्या स्वतःच्या विमानात साधीच काडतुसं भरायची, असं त्याने ऑस्विनला जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. आसपास कोणी नाही असं बघून, हळू आवाजात.

हेसेलबाख परत येत होता. आभाळ स्वच्छ, शत्रूचं विमान औषधालाही नाही. पॉप्लरच्या वर आला आणि त्याच्या पुढ्यात भपकन पांढरा धूर झाला. तरी त्याने विमान खाली आणलं. ऑस्विन आणि बाल्टाझारने त्याला ओढून बाहेर काढलं. शुद्धीवर होता. "ऑस्विन," तो म्हणाला, "मी चापाला बोटसुद्धा लावलं नव्हतं रे."

गाडी येईपर्यंत तो गेला.

दफनाच्या वेळी कॅप्टन ग्राबाऊने टोपी काढून सांगितलं, की लेफ्टनंट शत्रूच्या गोळीने वीरमरण पावला. ऑस्विन दुसऱ्या रांगेत उभा होता. त्याने दात इतके आवळले, की दाढेचा एक टवका निघाला. तो त्याने तिथेच थुंकला.

विमानाचा कोळसा झाला होता. उजव्या बंदुकीची नळी काडीसारखी वाकली होती. डावीला काहीच झालं नव्हतं. पोलादाचा रंगसुद्धा उतरला नव्हता. ऑस्विनने ती सुटी केली, प्रत्येक भाग भिंगाखाली पाहिला. इतक्या आगीतून निघालेली स्प्रिंग मऊ पडायला हवी होती. नव्हती पडली.

"मग लावा की दुसऱ्या विमानावर," ग्राबाऊ म्हणाला. "बंदुका झाडाला लागत नाहीत."

ती लेफ्टनंट निटिंगरच्या विमानावर बसली. हा नुकताच आलेला, उल्मकडचा, तोंडावर लाल ठिपके, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. पट्ट्यात अर्थात दर तिसरं काडतूस फॉस्फरसचं. ऑस्विनने ते स्वतःच्या हाताने भरलं. दोनदा काडतूस बोटांतून निसटलं. बाल्टाझारला वाटलं, भीतीने.

"घाबरतोस कशाला? इंजिनावरच्या पत्र्याला वारा जायला भोकं पाडलीत मी."

"घाबरत नाहीये," ऑस्विन म्हणाला. "त्या कॅप्टनचा गळा माझ्या हातात कधी येईल, त्याचा विचार करतोय."

बाल्टाझारने मागे वळून कोणी ऐकलं नाही ना, ते पाहिलं.

निटिंगर तासाभराने परतला, तो ओरडतच. "अहो टायशर्ट, ही बंदूक आहे की अत्तरदाणी? फुग्याच्या इतक्या जवळ गेलो, की त्यातला माणूस दिसला! गोळ्या लागतायत, कापड फाटतंय, पण पेटायचं नाव नाही!"

"उजवी?"

"उजवी सुरुवातीलाच अडकली. सगळं काम डावीनेच केलं."

ऑस्विन विमानावर चढला. उजव्या बंदुकीत एक सुजलेलं काडतूस रुतलं होतं. ते नेहमीचंच. मग त्याने डावीकडचा खण उघडला. गोळ्या झाडून झाल्या की रिकामा पट्टा त्या खणात जाऊन पडतो. हाताला लागलं ते थंडगार होतं. इतकं, की त्याने हात झटकन मागे घेतला.

पट्टा बंदुकीतून आरपार गेलेला होता. दोन घरं रिकामी, तिसऱ्यात काडतूस. दोन रिकामी, तिसऱ्यात काडतूस. शेवटपर्यंत तसंच. फॉस्फरसचं एकही उडालं नव्हतं, आणि प्रत्येकाच्या टोकावर हिवाचा पांढरा थर होता, डिसेंबरातल्या सकाळी खिडकीच्या काचेवर धरतो तसा. बाहेर ऊन इतकं, की विमानाच्या कापडाचा वास सुटला होता.

"हे होऊच शकत नाही," बाल्टाझार खालून म्हणाला.

खरंच होऊ शकत नव्हतं. बंदूक पट्ट्यातलं काडतूस ओढते, झाडते, पुढचं ओढते. एक जरी नाही उडालं, तरी ती तिथेच ठप्प होते. मधलं सोडून पुढचं घेणं हे यंत्राचं काम नव्हे. निवडायला कोणीतरी लागतं.

ऑस्विनने बंदूक उतरवली. मैदानाच्या टोकाला मातीचा बांध होता, तिथे तिच्यावर नवा पट्टा चढवून त्याने चाप दाबला. सगळी काडतुसं उडाली, फॉस्फरसचीसुद्धा. पांढऱ्या रेघा सरळ बांधात घुसल्या. पुन्हा चढवला. पुन्हा सगळी उडाली. घड्याळवाल्याला यात एक प्रकारचं समाधान वाटायला हवं होतं. त्याला नळीवर हात ठेवावासा वाटला नाही.

दुसऱ्या उड्डाणात पुन्हा तेच झालं: उजवी अडकली, डावीने दर तिसरं काडतूस न झाडताच सोडलं. तिसऱ्यातही. निटिंगर आता कमी बोलायला लागला होता.

"वर असताना कसली थंडी वाजते हो," एकदा पंखाजवळ उभं राहून तो म्हणाला. "गुडघ्यांना. पेटीच्या बाजूने येते. इंजिन समोर धडधडतंय आणि माझे गुडघे काकडतायत." मग जरा थांबून म्हणाला, "वाईट नाही वाटत, बरं का. आईने कपाळावर ओलं फडकं ठेवावं ना, तसं वाटतं."

ऑस्विनने त्याच्याकडे पाहिलं. ही थंडी त्या पोराला राखत होती, एवढं त्याला कळलं. कशी, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं, तर विश्वास ठेवावा लागला असता.

फुगे मात्र वर जातच राहिले, आणि वरिष्ठांकडून ग्राबाऊला विचारणा व्हायला लागली. एके दिवशी सकाळच्या पाहणीला तो तंबूत आला. मागे वैमानिक, बाजूला मेकॅनिक. आदल्या उड्डाणानंतर खणातून काढून ठेवलेला पट्टा त्याने काठीच्या टोकाने उचलून पाहिला आणि फेकून दिला.

"टायशर्ट, तू पट्टे बदलतोस."

"नाही, साहेब."

"लेफ्टनंट उतरले, की झाडलेला पट्टा काढतोस आणि हा असा सजवून ठेवतोस. तुला हुकूम पटत नाही म्हणून. याला काय म्हणतात ठाऊक आहे? घातपात म्हणतात. भिंतीला उभं करून गोळ्या घालतात त्यासाठी."

"उतरल्या उतरल्या खण उघडतो, साहेब. लेफ्टनंटसाहेब स्वतः बघतात."

"मग ते तुला सामील आहेत."

निटिंगरच्या तोंडावरचे ठिपके एकदम गडद झाले. ऑस्विनच्या आत काहीतरी सुटलं. दफनाच्या दिवसापासून आवळून धरलेलं. आवाज मात्र चढला नाही.

"साहेबांनी स्वतः न्यावं एकदा," तो म्हणाला. "ही बंदूक, हा पट्टा. साहेबांच्या विमानात फॉस्फरस नसतं, म्हणून साहेबांना हिची सवय नाही."



"काय म्हणालास?" ग्राबाऊने हळूच विचारलं.

"साधीच भर म्हणालात ना मला? जूनमध्ये. कोणाला सांगू नकोस म्हणालात. नाही सांगितलं. हेसेलबाखसाहेबांना पुरलं तेव्हाही नाही सांगितलं."

वैमानिकांच्या माना कॅप्टनकडे वळल्या. आजवर ज्यांनी त्याच्या टेबलाशी बसून दारू घेतली होती, त्यांनी एकेक पाऊल मागे घेतलं. बाल्टाझार खाली थुंकला आणि बुटाने ते पुसलं.

"खोटारडा," ग्राबाऊ म्हणाला. पण कोणी मान डोलावली नाही. त्याने हातमोजे काढले. "आण तो पट्टा. मी भरतो. तू हात लावायचा नाहीस. उजवी बंदूक काढून टाका, म्हणजे अडकली-बिडकली म्हणायला नको. उतरल्यावर खण मी उघडेन, आणि मग तुझं बघतो."

त्याने स्वतः पट्टा भरला. गोरी, निगा राखलेली बोटं, नखं कापलेली. हातमोजे त्याने घाईत फळीवरच ठेवले. निटिंगरचं विमान घेऊन तो निघाला, तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

सगळे बाहेर उभे राहिले. कोणी जेवायला गेलं नाही.

"पेटला तर?" बाल्टाझार पुटपुटला.

"पेटू दे," ऑस्विन म्हणाला. आणि हे आपण मनापासून म्हणालो, हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं.

बऱ्याच वेळाने पश्चिमेला, क्षितिजाजवळ, काळ्या धुराचा एक खांब उभा राहिला. फुगा.

"पेटवला की," कोणीतरी म्हणालं.

मग इंजिनाचा आवाज आला. विमान पॉप्लरच्या वरून सरळ आलं, अलगद टेकलं, धूळ उडवत तंबूपर्यंत आलं आणि थांबलं. पंखा फिरायचा बंद झाला. धूर नाही, डाग नाही, कापडाला एक छिद्रसुद्धा नाही.

ग्राबाऊ बसूनच राहिला, ओटच्या शेतातल्या काळ्या चट्ट्याकडे बघत.

ऑस्विन पायरीवर चढला. खण उघडण्याचा हक्क कॅप्टनचा होता, पण कॅप्टनने डोळ्यांनीच त्याला खुणावलं. ऑस्विनने उघडला. पट्ट्याची सगळी घरं रिकामी होती. दर तिसरंसुद्धा. आतली हवा कोमट होती, ऑगस्टात असावी तशी.

ऑस्विन हरला होता; घातपाताचा आरोप आता खरा ठरत होता. बाल्टाझारने डोळे मिटून घेतले.

"आजपासून," ग्राबाऊ म्हणाला, "ही काडतुसं बंद. आहेत तेवढी पुरून टाका. सगळ्या विमानांतली."

आवाज त्याचाच होता, शांत. निटिंगरने चमकून ऑस्विनकडे पाहिलं.

"साहेब, वरून विचारलं तर?" तो म्हणाला.

"मी सांगेन. मी का बंद केली, ते मी सांगेन. सगळं."

तो खाली उतरला. चाल ठीक होती. चेहऱ्याला घाम नव्हता, केस जागच्या जागी. तंबूच्या दाराशी एका पेटीवर तो बसला आणि दोन्ही हात त्याने अंगापासून लांब धरले. ते कोणाचे तरी असावेत आणि थोडा वेळ सांभाळायला दिलेले असावेत, तसे.

"पाणी आण, टायशर्ट. विहिरीचं. गार."

ऑस्विनने बादली आणली. इथली विहीर खोल, भर उन्हाळ्यातही पाणी दाताला कळ आणणारं. ग्राबाऊने मनगटापर्यंत हात बुडवले. हात पांढरेशुभ्र होते. फोड नाही, लाली नाही, नखात काळं नाही.

"भाजलंय का, साहेब?" निटिंगरने विचारलं.

"नाही," ग्राबाऊ म्हणाला. "दिसतंय ना, नाही."

तो हात बुडवून बसला. मेकॅनिकांनी फॉस्फरसच्या पेट्या बाहेर काढल्या, पांढऱ्या मातीत खड्डा घेतला, पेट्या ठेवल्या, माती लोटली. ऑस्विन पाहत राहिला. हवं ते झालं होतं. आता यापुढे कोणी पॉप्लरच्या वर येऊन पेटणार नव्हतं. राग उतरायला हवा होता. उतरला नाही. ज्याच्यासाठी हे व्हायला हवं होतं, तो ओटच्या शेताजवळ मातीखाली होता, आणि त्याच्या लाकडी क्रुसावर अजून खोटंच लिहिलेलं होतं.

शेवटी ग्राबाऊ उठला. टॉवेल त्याने घेतला नाही. हात तसेच लांब धरून तो आपल्या खोलीकडे गेला. त्याच्या मागे वाटेवर पाण्याचा एकही थेंब पडला नाही.

"हे ओतून टाक," बाल्टाझार बादलीकडे बोट दाखवत म्हणाला.

ऑस्विनने बादली उचलली. पाणी हिंदकळून त्याच्या मनगटावर सांडलं, आणि तो ओरडून मागे सरला. बादली पडली, पाणी खडूच्या मातीत पसरलं. तिथून बराच वेळ वाफ निघत होती.