पहिल्या प्रश्नापासून

काचेच्या दारामागचे साहेब, तुम्ही पद्मजाबाईंना अडाणी ठरवलंत! उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे, ते ओठांवर यायला वेळ लागत होता म्हणून. म्हातारी गप्प आहे असं पाहून तुम्ही पुढचा प्रश्न टाकलात, मग त्याच्या पुढचा... आणि नापास करून मोकळे झालात.

अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या स्वयंपाकघरात आता त्यांचा मुलगाही तुमचीच री ओढत होता. नागरिकत्वाच्या परीक्षेची दुसरी आणि शेवटची संधी तोंडावर आली होती. विवेक मोबाइलमध्ये बघून प्रश्न विचारत होता आणि पद्मजाबाई पोळी लाटता लाटता नुसते ओठ हलवत होत्या.

"सोपा प्रश्न आहे यार आई. कायदे कोण करतं? तुझं सगळं लक्ष तिकडे नागपूरला."

काळीज चिरत गेलं ते वाक्य. नागपूरला नंदाताई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर जिने धाकट्या पद्मजाच्या वेण्या घालून तिला शाळेत धाडलं, ती बहीण! व्हिडिओ कॉलवर आता "पद्मे" एवढीच हाक मारता यायची तिला. पण जायचं कसं? तिकडे फार काळ राहिलं तर ग्रीन कार्ड धोक्यात, म्हणजे इथल्या आन्याला, तळहातावर वाढवलेल्या नातीला, पारखं व्हायचं. शिवाय विवेकचं पालुपद एकच, परीक्षेची तारीख कधीही येईल, आधी सिटिझन हो, मग हवी तितकी राहा. म्हणून त्या राहिल्या होत्या, मुलाचा संसार सावरत, आतल्या आत झुरत...

तव्यावरची पोळी करपली. विवेक शेगडी बंद करायला उठला आणि थबकला. आईचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, ओठांतून बारीक चाल ऐकू येत होती. पाढ्यांची चाल! सगळे प्रश्न तिने पाढ्यांसारखे ओळीने घोकले होते. मधलाच विचारला की ती पहिल्यापासून म्हणत तिथवर यायची. लहानपणी सात सक विचारलं की तोही सात एकेपासून निघायचा, आणि ती थांबायची. कितीही वेळ थांबायची.

"आई, मी एकदाही थांबलो नाही गं," शेगडी बंद करत तो म्हणाला. "तू मावशीकडे जा. आज तिकीट काढतो. परीक्षा गेली उडत."

"आता सुचतंय होय?" पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या. "इतके दिवस झुरले, आता परीक्षा दिल्याशिवाय नाही जात. बस इथं. उलटसुलट विचार. मी चिडले तरी विचार."

मग गाडीत, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना तो कुठलाही प्रश्न अचानक फेकायचा. त्यांच्या जिभेवर चाल यायची, ती गिळून त्या उत्तर द्यायच्या... कधी चुकायच्या, रडकुंडीला यायच्या, पुन्हा विचार म्हणायच्या.

आणि साहेब, त्या पास झाल्या. तुम्हीच हसून कागद पुढे केलात. परीक्षा उत्तीर्ण, पण अर्जावर निर्णय आज नाही, नंतर कळवू, म्हणालात. किती दिवसांनी, ते काही सांगता येणार नाही म्हणे.

विवेक बाहेर होता. पद्मजाबाईंनी एकटीनेच इंग्रजी वाक्य जुळवलं.

"सर, माझी बहीण मरणाच्या दारात माझी वाट बघतेय. मला नक्की सांगा, निर्णय केव्हा?"

बोला ना, साहेब. त्या अजून तुमच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आहेत.